तीन खिडक्यांचं कार्ड

आलापल्लीत बापूराव अलोणे कुठं राहतात असं विचारलं तर लोक डोकं खाजवत. रनरचं घर कोणतं म्हटलं की लहान पोरगंही बोट दाखवी. चौतीस वर्षं हा माणूस डाकेची थैली खांद्यावर टाकून जंगलातल्या पाच गावांत पायी गेला. आज जायचं, मुक्काम करायचा, उद्या परतायचं. पावसाळ्यात नाले फुगले की ती पाच गावं अन् बाकीचं जग यांच्यात फक्त बापूराव उरत.

थैलीचा त्यांचा एक नियम होता. ती जमिनीला लागू द्यायची नाही. नाल्यात डोक्यावर, जेवताना झाडाच्या फांदीला. एकदा अस्वल आडवं आलं, तर हे स्वतः खड्ड्यात पडले अन् थैली तेवढी फांदीला लटकवून पडले. घरी आल्यावर बायकोनं, सीताबाईनं, जखमेला हळद लावता लावता विचारलं, "थैलीत होतं काय एवढं?" तर म्हणे, दोन कार्डं अन् एक शेतकी खात्याचं पाकीट. सीताबाईनं त्या दिवशी कपाळाला हात लावला.

अन् दुसरी एक खोड जडली होती. त्या गावांत वाचणारे कमी. तर बापूरावच झाडाखाली उभे राहून पत्र मोठ्यानं वाचत, अर्धं मराठीत, अर्धं गोंडीत समजावून. सारं गाव भोवती बसे. असं वाचून वाचून त्यांना मनातल्या मनात वाचता येईनासं झालं. औषधाची बाटली हातात घेतली तरी तिच्यावरचं सगळं शेजारच्या घरापर्यंत ऐकू जाई.

दोन हजार चार साली ते निवृत्त झाले. तरी सकाळी दहाला पोस्टात जाऊन बसत. नवीन पोस्टमास्तर समजूतदार होता, त्यानं कोपऱ्यात एक स्टूल ठेवून दिलं. बापूराव तिथं बसून थैली उघडताना बघत. आताशा तिच्यात बँकांचे कागद अन् नोटिसाच फार. गावोगाव फोन आले अन् कार्ड लिहिणारी माणसं संपली. त्यांना स्वतःला शेवटचं कार्ड येऊन सात वर्षं झाली होती. ते बहिणीचं होतं, मनकर्णाचं.

मनकर्णा त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान. आई लवकर गेली, म्हणून तिला कडेवर घेऊन वाढवली ती यांनीच. गडचांदूरला दिली, नवरा चुनखडीच्या खाणीत. तो आधी गेला, सत्त्याण्णवमध्ये ती गेली. वय अठ्ठेचाळीस. तिची एकच लेक, हर्षा, नागपूरला एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायच्या कामावर होती. तिला मायबाप म्हणून आता मामा-मामीच. दर रविवारी ती तौसीफच्या एसटीडी बूथवर फोन करी अन् बापूराव नऊ वाजल्यापासून तिथं जाऊन बसत.

त्या रविवारी ती म्हणाली, "मामा, मी एक कार्ड पाठवून राह्यली. भरून वापस टपालात टाकजा. विसराचं नाई."

झालं. बापूरावांना एवढंच ऐकू आलं की पोरगी कार्ड पाठवून राह्यली. घरी आले ते हसतच. "शेवटी मनकर्णीची लेक आहे," सीताबाईला म्हणाले, "फोनवर नाई भागत तिचं." भरून पाठवजा म्हणाली त्याचा अर्थ त्यांनी असा लावला की जोडकार्ड असेल, अर्धं कोरं, उत्तरासाठी. चौतीस वर्षं पोस्टात घालवलेल्या माणसाला कार्ड म्हटल्यावर दुसरं काय सुचणार, सांगा.

चार दिवसांनी आलं ते जाडजूड पाकीट. बापूरावांनी स्टुलावर बसूनच ते फोडलं अन् सवयीप्रमाणे वाचायला लागले. पोस्टात मनीऑर्डरवाले दोघंतिघं होते, एक म्हातारी होती, पोस्टमास्तर होता.

"आदरणीय मामा, सप्रेम जयभीम. सोबत कार्ड पाठवत आहे. त्याला तीन खिडक्या आहेत. तीन वेगवेगळ्या दिवशी सकाळी परसाकडे जाऊन आल्यावर लाकडी काडीने त्यातली थोडीशी..."

इथं त्यांचा आवाज बसला. म्हातारी कान देऊन ऐकत होती. तिनं विचारलं, "थोडीशी काय गा?"

"हळद," बापूराव म्हणाले अन् पाकीट बंडीच्या आत घालून बाहेर पडले.

बाहेर चिंचेखाली उभं राहून त्यांनी तोंडावर हात दाबून उरलेलं वाचलं. शौचातलं डोळ्याला न दिसणारं रक्त या कार्डावर कळतं. आधी तीन दिवस मटण, कलेजी अन् मुळा खायचा नाही. काडीनं पातळ थर खिडकीत लावायचा, झाकण बंद करायचं, सुकू द्यायचं. तिन्ही खिडक्या भरल्या की सोबतच्या पाकिटात घालून टपालात टाकायचं.

टपालात. बापूरावांचं डोकं सणकलं. तसेच तौसीफच्या बूथवर गेले, काचेचं दार ओढून घेतलं अन् लॅबचा नंबर लावायला सांगितला. तौसीफनं पेपर तोंडासमोर धरला, पण पान काही उलटलं नाही.

"हर्षा, हे डाकेच्या थैलीत टाकाचं? कायद्यात लिहून आहे, घाण वस्तू टपालानं पाठवता येत नाई. लोकाईच्या लग्नाच्या पत्रिका असतात त्या थैलीत. तुले मामाची काही लाज?"

"मामा, ते सुकून जाते. तीन घड्यांत बंद असते. वास बी येत नाई."

"सुको नाईतर उडो. मी टाकत नाई."

"मंग नागपूरले या." हर्षाचा आवाजही चढला. "खरं सांगू का, तुमच्यासाठी हे कार्ड नाईच. हे ज्याच्या घरात कोणाले झालं नाई त्याच्यासाठी. आईले झालं, तेही अठ्ठेचाळिसाव्या साली. तुमी तिचे सख्खे भाऊ. तुमाले कॅमेऱ्याची नळी टाकून आतडं पाहाच लागते. तीन साल झाले बलावून राह्यली. तुमी येत नाई म्हून म्हटलं, कार्ड तं कार्ड. काहीच नसल्यापेक्षा बरं."

"मले झालं काय? मी बरा आहो. आजही दहा कोस चालून दाखवतो."

हर्षाचा चढलेला आवाज उतरला. मग ती हळूच म्हणाली, "आईनंही तुमाले कार्डच पाठवले न मामा. दोन साल." अन् तिनं फोन ठेवला.

बापूराव रिसीव्हर कानाला लावून तसेच उभे राहिले. तौसीफनं काचेवर टकटक केलं तेव्हा भानावर आले.

ही कार्डांची गोष्ट सांगायलाच हवी. मनकर्णाच्या लग्नात भावानं दिलं काय, तर एक लुगडं, पाणी भरायचा पितळेचा गुंड अन् पोस्टकार्डांचा गठ्ठा. वर बजावलं, "महिन्याले एक लिहिजो. पाकीट कायले? आपल्या घरी लपवाचं काय आहे? अन् अक्षर चांगलं काढजो, कार्ड सारं पोस्ट वाचते." ती चौथी शिकलेली. मोठ्या गोल अक्षरात लिहायची. कार्ड आलं की बापूराव पोस्टातच उभे राहून वाचत, मोठ्यानं. गडचांदूरला वांगी कशी झाली, कोणाची म्हैस व्याली, हे सगळं आलापल्लीच्या पोस्टाला ठाऊक असे. मनकर्णालाही हे ठाऊक होतं.

शेवटची दोन वर्षं प्रत्येक कार्डात एक ओळ येई. पोट बरं राहत नाही, बाकी सर्व ठीक. बापूराव उत्तर लिहीत, ओवा अन् सैंधव घेत जा. पोस्टातल्या कारकुनानंही एकदा दोन औषधं सुचवली, तीही त्यांनी कळवली. तिकडं त्या बाईला दोन वर्षं रक्त पडत होतं. तिला वाटलं मूळव्याध आहे. कोण्या वैदूच्या मुळ्या उगाळून पीत बसली. चंद्रपूरला दाखवलं तोवर आतड्यातला कॅन्सर लिव्हरपर्यंत गेलेला. त्यानंतर चार महिने.

भावाला सांगायला काय झालं होतं तिला, असं कोणी म्हणेल. आता तुम्हीच सांगा, कसं सांगणार? कार्डावर लिहावं तर गडचांदूरचं पोस्ट वाचणार, चंद्रपूरचं वाचणार, आलापल्लीत तर भाऊच सगळ्यांना वाचून दाखवणार. पाकीट घ्यावं तर भावानं पहिल्याच दिवशी सांगितलेलं, आपल्या घरी लपवाचं काय आहे.

दुपारी बापूरावांनी ट्रंकेतला कार्डांचा गठ्ठा काढला अन् एकेक वाचायला बसले. सीताबाई तांदूळ निवडत होती. पाचसहा कार्डं ऐकल्यावर ती म्हणाली, "मनात वाचा ना. मले नाई आयकवत."

त्यांनी गठ्ठा बाजूला ठेवला. "तिनं माह्यापासून नाई लपवलं वं," ते म्हणाले, "पोस्टापासून लपवलं. माह्या आवाजापासून लपवलं." अन् त्यांना रडू आलं. बहीण गेल्यावर सगळे रडले होते तेव्हा हा माणूस रडला नव्हता, चौथ्या दिवशी थैली घेऊन निघाला होता. सीताबाईनं त्यांना रडू दिलं. मग सूप खाली ठेवून विचारलं, "अन् तुमी कोणापासून लपवून राह्यले?"

बापूरावांनी डोळे पुसले अन् बंडीतलं पाकीट काढून तिच्यापुढं ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून घरात मटण बंद, मुळा बंद. तीन दिवस गेल्यावर बापूराव पहाटे डबा घेऊन रानात निघाले तेव्हा हातात पळसाचं मोठं पान होतं, खिशात ती काडी. हर्षाच्या पत्रात पानाचं काही लिहिलेलं नव्हतं, पण ज्यानं आयुष्यभर पळसाच्या पानावर जेवण केलं त्याला हे सुचायला वेळ लागला नाही. परत आले ते कोणाच्या नजरेला नजर न देता. कार्ड गोठ्याच्या आढ्याला खोचून सुकवलं. शेजारच्या बायनाबाईनं विचारलं ते काय टांगलं, तर सीताबाई म्हणाली, रनरसाहेबाची तार आली. असं तीन दिवस चाललं.

पण टपालात टाकायचं मात्र त्यांनी साफ नाकारलं. "मी नेतो," म्हणाले. "आजवर दुसऱ्याईची डाक नेली, आता माही नेतो." चौथ्या दिवशी सकाळच्या एसटीत बसले. चंद्रपूरला गाडी बदलली. वरोऱ्याला बाकीची माणसं चहाला उतरली, हे उतरले नाहीत, कारण मांडीवरचं पाकीट घेऊन उतरावं तर ठेवायचं कुठं? शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, "कोर्टाचे कागद आहेत का?" ते हो म्हणाले. नागपूरला हर्षानं मोठ्या कौतुकानं ते पाकीट दोन्ही हातांनी घेतलं, अन् हातमोजे घालून आत घेऊन गेली.

कार्ड स्वच्छ निघालं. तिन्ही खिडक्यांत रक्ताचा मागमूस नाही.

बापूराव लहान पोरासारखे खुलले. "मी म्हनलो नोतो? आता संध्याकाळची गाडी भेटते का पाहा." पण हर्षानं चपला घालू दिल्या नाहीत. ती त्यांना घेऊन गेली डॉक्टर निशात यांच्याकडं. आतड्याच्या डॉक्टर, वय असेल चाळीसच्या आतबाहेर. बाई पाहून बापूराव दारातच अडले. आत ढकलावं लागलं.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. कार्ड पाहिलं, म्हणाल्या, "चांगलं आहे. पण काका, हे कार्ड रक्त शोधतं, गाठ शोधत नाही. आतड्यात लहान गाठ असली तर ती रोज रक्त देतेच असं नाही. महिना महिना देत नाही. घरात कोणाला आजार नसता तर मी म्हटलं असतं, दरवर्षी हे कार्ड करा, रक्त दिसलं तर या. तुमच्या सख्ख्या बहिणीला पन्नाशीच्या आत झालं. तुम्हाला मी कार्डावर नाही सोडणार."

"मंग हे मी पळसाच्या पानावर कायले केलं?" बापूराव चिडले. हर्षाला पळसाच्या पानाचं तेव्हा कळलं अन् ती खिडकीकडं तोंड करून हसली.

बाईंनी ते कार्ड त्यांच्यापुढं सरकवलं. बापूरावांनी त्या तीन स्वच्छ खिडक्यांकडं पाहिलं. त्यांना आपल्या पाच गावांतलं शेवटचं गाव आठवलं. एका पावसाळ्यात तिथून सहा आठवडे एकही कार्ड आलं नव्हतं. पोस्टात सगळे म्हणाले, खुशाल असतील. ते जाऊन पाहतात तर अर्धं गाव तापानं पडलेलं, लिहायला कोणी उठलेलंच नव्हतं.

"थैली रिकामी आली म्हून गाव खुशाल आहे असं नसते," ते स्वतःशीच म्हणाले. मग डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "टाका तुमची नळी. पण पोस्टात कोणाले सांगू नोका."

नळीच्या आदल्या दुपारचं वर्णन न केलेलंच बरं. खारट औषधाचं पाणी, पेल्यामागून पेला, अन् हर्षाच्या घरातल्या संडासाचं दार. चौतीस वर्षांत एवढ्या फेऱ्या नाही केल्या, असं ते स्वतःच नंतर सीताबाईला सांगत होते. सकाळी दवाखान्यात हातात सुई टोचली, कुशीवर निजवलं, अन् ज्या लाजेपायी तीन वर्षं काढली ती लाज वाटायच्या आतच त्यांना झोप लागली. उठले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. पोटात जरा वारा धरल्यासारखं वाटत होतं, एवढंच.

आत एक गाठ सापडली होती. वाटाण्याएवढी. नळीतून तार घालून तिथल्या तिथं काढली अन् तपासायला पाठवली. आठ दिवस बापूराव नागपुरातच राहिले. हर्षा कामाला गेली की गच्चीवर बसून रस्ता बघत अन् संध्याकाळी ती येईपर्यंत कोणाशी बोलत नसत. मनकर्णा असती तर तिला कार्ड टाकलं असतं असं त्यांच्या मनात येई. दोनतीन दिवस तर ते मनात मजकूरही जुळवत बसले, काय लिहावं अन् कसं, कोणी वाचलं तरी चालेल असं.

आठव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी कागद समोर ठेवला. "कॅन्सर नाही. पण ज्या जातीच्या गाठीतून कॅन्सर होतो त्या जातीची होती. ठेवली असती तर भरवसा नव्हता. आता तीन वर्षांनी परत यायचं."

हर्षानं डोळे पुसले. बापूराव मात्र कागदाकडं पाहत राहिले. "वाटाण्याएवढीचा कॅन्सर व्हाले किती साल लागते?"

"नेमकं सांगता येत नाही. बहुतेक वेळा दहाएक वर्षं."

"म्हंजे माह्या बहिणीची बी कवातरी एवढीच असन."

"असणार," बाई म्हणाल्या.

"अन् तवा कोणी पाह्यली असती तं?"

बाईंनी कागद मिटला. "काढून टाकली असती. तुमची काढली तशी." मग हर्षाकडं वळून म्हणाल्या, "तू चौतीसची ना? अडतिसाव्या वर्षी तुझीही नळी. तुझ्या बाबतीतही कार्डावर भागणार नाही."

हर्षा खाली पाहू लागली. मामाला तीन वर्षं बोलावणारी पोरगी, पण स्वतःचं नाव निघाल्यावर तिचे ओठ पांढरे पडले. बापूरावांनी तिचा हात धरला. "चार साल आहेत. मी येईन संगं. तोवर मराचं नाई मले."

दोघं बाहेर येऊन दवाखान्याच्या बाकावर बसले. बापूराव बोटांवर मोठ्यानं हिशोब करत होते. सत्त्याण्णवातून दहा गेले. सत्त्याऐंशी. त्या उन्हाळ्यात मनकर्णा लेकीला घेऊन महिनाभर आलापल्लीला आली होती. एक दिवस हट्टच धरला, मी तुह्या गावाईले येतो, मले पाहाचं आहे तू कुठी कुठी जाते. नेली. अर्ध्या वाटेत थैली मागितली. ज्यांनी बायकोला कधी त्या थैलीला हात लावू दिला नाही त्यांनी ती बहिणीच्या खांद्यावर दिली. ती पुढं चालत होती, हे मागं. सगळी वाट बडबडत होती. नाल्यावर थांबून तिनं चारं, म्हणजे चारोळीची फळं, भरपेट खाल्ली, बिया यांच्या अंगावर फेकल्या, अन् एवढ्या चढणीला दम म्हणून लागला नाही तिला. तेव्हा ती गाठ तिच्या आत होती. वाटाण्याएवढी, काढता येण्यासारखी.

"मामा," हर्षानं विचारलं, "त्या साली मी सतरा वर्साची होती. मले काईच आठवत नाई आईचं, म्हंजे दुखल्याचं. तुमाले आठवते? थकलेली दिसे का? काही बोलली का?"

बापूरावांनी फार आठवून पाहिलं. एखादा सुस्कारा, एखादं अर्धं टाकलेलं जेवण, काहीही सापडलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. तिथं काही नव्हतं. फक्त पुढं चालणारी मनकर्णा होती अन् तिची बडबड.

"बरी होती," ते म्हणाले. मग त्यांचा आवाज फुटला, आजूबाजूच्या बाकांवरची माणसं वळून पाहायला लागली, तरी त्यांनी तो आवरला नाही. "एकदम बरी होती, बाई."